तौरोगेनच्या आधीचा आणि नंतरचा योर्क

प्रश्न असा आहे: प्रशियाचे सेनापती हुकमाचे पक्के म्हणून जगभर ओळखले जातात. मग राजाला न विचारता ३० डिसेंबर १८१२ रोजी तौरोगेनजवळ रशियनांशी करार करणाऱ्या जनरल योर्कला जर्मनीत एवढा मान कसा? तो बंडखोर होता की देशभक्त? आणि अशा उमराव अधिकाऱ्याची कारकीर्द मुळात घडायची कशी?

मी पायदळात नोकरी केली आणि शेवटची काही वर्षं तरुण अधिकाऱ्यांना लष्करी इतिहास शिकवला. योर्क दरवर्षी शिकवायचो, आणि दरवर्षी वर्गात त्याच्यावरून भांडणं व्हायची. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

सरळ उत्तर आधी देतो. योर्क बंडखोर नव्हता. सुधारणावाद्यांचा द्वेष करणारा, उमरावांच्या हक्कांसाठी राजपुत्राशीही वाद घालणारा, राजनिष्ठेत तसूभरही कमी नसलेला असा तो जुन्या वळणाचा माणूस होता. अशा माणसाने हे का केलं, हे कळायचं तर तौरोगेनच्या एका सकाळीपाशी थांबून भागत नाही. चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

योहान डेव्हिड लुडविग फॉन योर्क २६ सप्टेंबर १७५९ रोजी पोट्सडॅमला जन्मला. वडील प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेटच्या सैन्यात कॅप्टन, आई पोट्सडॅममधल्या एका कारागिराची मुलगी. दोघांचं लग्न झालं १७६३ मध्ये, म्हणजे मुलगा चार वर्षांचा होत आला तेव्हा, आणि मग त्याला रीतसर औरस मानलं गेलं. घराणं मूळचं बाल्टिक किनाऱ्यावरच्या पोमेरेनियातलं, कशुबियन म्हणजे स्लाव्ह वंशाचं. नावात ‘फॉन’ होतं, पण त्यामागे मोठी जहागीर नव्हती. प्रशियन उमराव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाडे आणि हजारो एकर शेतं येतात. तशी घराणी होती, पण सैन्याचा कणा होती ती योर्कच्या घरासारखी घराणी: नाव मोठं, खिसा रिकामा, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलगा थेट पलटणीत.

या मुलांची वाट ठरलेली असायची. बारा-तेराव्या वर्षी रेजिमेंटमध्ये दाखल व्हायचं, काही वर्षं शिपायांच्या बरोबरीने कवायत आणि पहारे करायचे, मग निशाण धरणारा कनिष्ठ अधिकारी, मग लेफ्टनंट. लेफ्टनंटचा पगार इतका तुटपुंजा की वर्षानुवर्षं कर्जात जायची. सगळ्यांचं लक्ष असायचं ते कॅप्टनच्या हुद्द्याकडे, कारण कॅप्टनला कंपनी मिळायची आणि कंपनीबरोबर तिचा पैसाही त्याच्या हाती यायचा. रजेवर सोडलेल्या शिपायांच्या पगारातून जे वाचेल ते त्याचं. म्हणजे तोवर गरिबी आणि तिथून पुढे बरे दिवस. बढती मुख्यतः ज्येष्ठतेने. १८०६ सालीही प्रशियाच्या अधिकाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उमराव घराण्यांतले होते. या चाकोरीत शिरलेल्या मुलाने तोंड बंद ठेवलं तर पन्नाशीपर्यंत तो मेजर व्हायचाच. हे मुद्दाम सांगतोय, कारण योर्कने तोंड बंद ठेवलं नाही.

१७७२ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, तो सैन्यात आला. १७७८-७९ मध्ये बव्हेरियाच्या वारसाहक्काचं युद्ध झालं. त्यात आपल्या वरिष्ठाने केलेली लूट त्याला सहन झाली नाही आणि त्याने त्या वरिष्ठाला उघडपणे दोष दिला. नुकताच लेफ्टनंट झालेला विशीतला पोरगा, आणि समोर कॅप्टन. शिस्तभंगाचा ठपका आला, वर्षभर किल्ल्यात कैद झाली आणि नोकरीवरून बडतर्फी. फ्रेडरिकच्या सैन्यात हा शेवट मानला जायचा.

प्रशियन उमरावांत या वागण्याची आधीची एक थोर परंपरा होती. सप्तवार्षिक युद्धात फॉन डेर मार्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याला राजाने एका राजवाड्याची लूट करायला सांगितलं, तेव्हा हे अधिकाऱ्याच्या इभ्रतीला शोभत नाही म्हणून त्याने नकार दिला. त्याच्या थडग्यावर कोरलं आहे की जिथे आज्ञापालनातून मान मिळत नव्हता, तिथे त्याने राजाची खप्पामर्जी पत्करली. जर्मन अधिकारी हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पाठ म्हणत आले आहेत. तुमच्या प्रश्नातल्या ‘हुकमाचे पक्के’ या चित्राची ही दुसरी बाजू आहे. उमरावाची इभ्रत ही त्याच्या स्वतःच्या मालकीची गोष्ट होती, राजाने दिलेली नव्हे. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे तो राजालाही नाही म्हणू शकत असे. अर्थात किंमत मोजून.

योर्कने किंमत मोजली. नोकरी गेल्यावर तो डचांच्या चाकरीत गेला. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल इथे १७८१ साली उभारलेली द मेरों नावाची भाडोत्री रेजिमेंट डच ईस्ट इंडिया कंपनीने घेतली होती, तिच्यात तो कॅप्टन झाला आणि १७८३-८४ मध्ये केप ऑफ गुड होप आणि पूर्वेकडच्या डच मुलखात नोकरी करून आला. (हीच रेजिमेंट पुढे इंग्रजांकडे गेली आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात टिपूविरुद्ध लढली. योर्क तोवर कधीच युरोपात परतला होता, पण आपल्या इतिहासाची ओळख असलेल्यांना हे नाव भेटलेलं असेल.) या परदेशच्या वर्षांबद्दल लोक घाईने पुढे जातात. मला ती महत्त्वाची वाटतात. पोट्सडॅमच्या कवायतीच्या मैदानावर वाढलेल्या माणसाने आपल्या चाकोरीबाहेरचं सैन्य पाहिलं, वेगळ्या माणसांबरोबर काम केलं, आणि मायदेशी परतल्यावर त्याला परत घेतील याची काही खात्री नव्हती. फ्रेडरिक जिवंत असेपर्यंत घेतलंही नाही. १७८६ मध्ये तो वारला आणि मगच योर्कला पुन्हा कॅप्टन म्हणून नेमणूक मिळाली. १७९४ च्या पोलंडच्या मोहिमेत, विशेषतः श्चेकोचिनीच्या लढाईत, त्याने नाव कमावलं.

आता त्याच्या कारकिर्दीचा तो भाग, जो मी वर्गात सर्वांत जास्त वेळ घेऊन शिकवायचो. १७९९ मध्ये योर्ककडे येगर रेजिमेंट आली. येगर म्हणजे शिकारी. या पलटणीत भरती व्हायची ती वनरक्षकांच्या आणि शिकाऱ्यांच्या मुलांची. लहानपणापासून जंगलात वावरलेले, नेम धरून एका गोळीत हरीण पाडणारे हे लोक. त्यांच्याकडे साध्या बंदुकीऐवजी आटे पाडलेल्या नळीची रायफल असे. भरायला वेळ लागायचा, पण नेम अचूक. चांगली नोकरी केली तर पुढे सरकारी जंगलखात्यात जागा मिळण्याची आशाही होती, त्यामुळे पळून जाण्याचं प्रमाण कमी.

त्या काळातलं बाकीचं प्रशियन पायदळ कसं लढायचं ते लक्षात घ्या. खांद्याला खांदा लावून तीन रांगा, अधिकाऱ्याच्या आवाजावर एकसाथ फैर, शिपायाने नेम धरायचाच नाही. पळून जाईल म्हणून त्याला डोळ्याआड होऊ द्यायचं नाही. शिपाई म्हणजे यंत्राचा एक दात. योर्कने आपल्या येगरांना उलटं शिकवलं. विखुरलेल्या रांगेत पुढे सरकायचं, झाडाचा, बांधाचा, खड्ड्याचा आडोसा शोधायचा, स्वतः नेम धरायचा, जोडीदाराने बंदूक भरेपर्यंत आपली गोळी राखून ठेवायची. अशा लढाईत शिपाई अधिकाऱ्याच्या आवाजापलीकडे असतो. त्याला हेतू माहीत हवा आणि बाकीचं त्याने परिस्थिती पाहून ठरवायला हवं. हे शिकवण्याला प्रशियात प्राधान्य देणाऱ्या पहिल्या काही अधिकाऱ्यांत योर्क होता.

याची परीक्षा लवकरच झाली. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी येना आणि आउअरश्टेट इथे नेपोलियनच्या फौजांनी एका दिवसात फ्रेडरिकचं सैन्य मोडलं. मग सुरू झाली पळापळ. किल्ल्यांमागून किल्ले लढल्याशिवाय शरण गेले. या पडझडीत २६ ऑक्टोबरला एल्बे नदीकाठच्या आल्टनत्साउन गावाजवळ योर्ककडे पिछाडी सांभाळण्याचं काम होतं. मागून मार्शल सूल्तची फौज येत होती आणि प्रशियन सैन्य नदी ओलांडण्याच्या धडपडीत होतं. योर्कने येगरांना पुराच्या बांधांमागे, झुडपांत, घरांत पसरलं. फ्रेंचांची आघाडी अडली, सैन्य पलीकडे गेलं, आणि येगरही सुखरूप निघाले. सगळा देश हरत असताना झालेली ही एक छोटी, नेटकी लढाई. पिछाडीचं काम ज्याने केलंय त्याला कळेल की ती किती अवघड होती: उशिरा निघालात तर कापले जाता, लवकर निघालात तर पुढचे बुडतात. पुढे नोव्हेंबरमध्ये ल्यूबेकला प्रशियन जनरल ब्ल्यूखरच्या फौजेत लढताना योर्क गंभीर जखमी होऊन कैद झाला.

१८०७ च्या टिल्झिटच्या तहाने प्रशियाचा जवळपास अर्धा मुलूख गेला आणि १८०८ मध्ये नेपोलियनने सैन्यावर ४२ हजारांची मर्यादा घातली. शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाउ, बॉयेन ही सुधारणावादी अधिकारी मंडळी सैन्याची नव्याने उभारणी करायला बसली. ऑगस्ट १८०८ मध्ये नियम आला की अधिकारी होण्याचा हक्क शांततेत ज्ञान आणि शिक्षणावर, युद्धात शौर्यावर, जन्मावर नाही. योर्कला हे अजिबात रुचलं नाही. उमरावांचे विशेष हक्क काढण्याची भाषा झाली तेव्हा त्याने एका राजपुत्राला विचारलं होतं की माझा आणि माझ्या मुलांचा हक्क काढून घेतलात तर तुमचा हक्क कशावर उभा राहणार? सुधारणांचा म्होरक्या मंत्री श्टाइन नेपोलियनच्या दबावाने पदावरून गेला, तेव्हा योर्कने आनंद लपवला नाही. एक खुळं डोकं चिरडलं गेलं, बाकीची सापाची पिल्लं आपल्याच विषात विरघळतील, अशा शब्दांत त्याने तो व्यक्त केला.

आणि याच माणसाने सुधारणांमधलं सर्वांत अवघड काम हातात घेतलं. हलक्या पायदळाचा तपासनीस म्हणून येगरांचं कसब सगळ्या पायदळात उतरवायचं. १८१२ च्या नव्या कवायत-नियमांत प्रत्येक पलटणीची तिसरी रांग विखुरलेल्या लढाईसाठी वापरायची असं ठरलं. राजकारणात तो जुन्यातला जुना, रणांगणावर नव्यातला नवा. माझ्या विद्यार्थ्यांना हे पटायचं नाही. त्यांना माणूस एकसंध हवा असायचा. मी त्यांना सांगायचो की योर्कच्या मनात यात विसंगती नव्हतीच. जंगलात एकट्या पडलेल्या येगराने स्वतः निर्णय घ्यावा, पण निर्णय धन्याच्या शिकारीसाठी घ्यावा, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

१८१२ मध्ये प्रशियाला नाइलाजाने नेपोलियनचा मित्र व्हावं लागलं आणि रशियावरच्या स्वारीसाठी सुमारे २० हजारांची कुमक द्यावी लागली. याचा संताप येऊन क्लाउझेविट्ससारखे अधिकारी राजीनामा देऊन थेट रशियाच्या चाकरीत गेले. योर्क गेला नाही. कुमकेचा प्रमुख फ्रेंचांकडे झुकलेला ग्रावर्ट होता, योर्क त्याच्या हाताखाली दुसरा. थोड्याच दिवसांत ग्रावर्ट आजारपणामुळे बाजूला झाला आणि योर्क प्रमुख झाला. ही फौज फ्रेंच मार्शल मॅकडोनाल्डच्या दहाव्या कोअरमध्ये (कोअर म्हणजे सैन्याचा मोठा विभाग), रीगाच्या दिशेने बाल्टिक किनाऱ्यालगत होती. मॉस्कोचा रस्ता तिच्या नशिबी आला नाही, म्हणून ती वाचली. सप्टेंबरच्या अखेरीस मेसोतेनजवळ श्टाइनहाइलच्या रशियन फौजेला त्याने मागे रेटलं. म्हणजे फ्रेंच अमलाखाली असताना तो नीट लढला, हेही नोंदवून ठेवा. मॅकडोनाल्डशी मात्र त्याची रसद आणि घोड्यांच्या चाऱ्यावरून कडाक्याची भांडणं झाली.

मग मॉस्कोहून माघारीच्या बातम्या येऊ लागल्या. रशियनांची पत्रं आली: आमच्या बाजूला या. योर्कने प्रत्येक वेळी ते राजाला कळवलं आणि हुकूम मागितला. राजा फ्रीडरिख विल्हेल्म तिसरा तेव्हा फ्रेंच फौजेच्या पहाऱ्यात बसल्यासारखा होता, बर्लिनमध्ये फ्रेंच शिबंदी होती. तो उघड काय लिहिणार? योर्कचा सहायक मेजर फॉन झायडलिट्स बर्लिनहून परतला तो ‘परिस्थिती पाहून वागा’ अशा मोघम निरोपासह. खालच्या अधिकाऱ्याला मिळणारा हा सर्वांत वाईट हुकूम आहे. वरिष्ठाने काहीच गमावलेलं नसतं, आणि सगळं तुमच्या डोक्यावर येतं. ज्यांनी कुठल्याही खात्यात नोकरी केली आहे त्यांना हे सांगायला नको.

नाताळच्या दिवशी मॅकडोनाल्ड आणि योर्क यांच्यामध्ये रशियन जनरल दिबिच घुसला. दिबिचकडे माणसं किती? सगळी मिळून दीड हजारांच्या आसपास, बहुतेक घोडेस्वार. योर्ककडे त्याच्या अनेक पट. मी वर्गात हीच परिस्थिती नावं पुसलेल्या नकाशावर द्यायचो आणि सांगायचो, लढाईचा हुकूम लिहा. जवळजवळ सगळे लिहायचे: फळी फोडून मुख्य फौजेला मिळा. लष्करी दृष्टीने तेच बरोबर उत्तर आहे. म्हणूनच योर्क अडकला आणि नाइलाजाने शरण गेला, हे म्हणणं टिकत नाही. तो फोडून जाऊ शकत होता. त्याने बोलणी सुरू ठेवली आणि पावलं संथ केली.

दिबिचच्या बाजूने बोलणी करायला येत होता क्लाउझेविट्स, तोच राजीनामा देऊन गेलेला प्रशियन. २९ डिसेंबरच्या संध्याकाळी तो तौरोगेनला योर्ककडे आला तेव्हाचा प्रसंग त्याने स्वतः लिहून ठेवला आहे. योर्क आधी भडकला. मॅकडोनाल्डचा निरोप पोचला आहे, आता तुमच्याशी मला काही बोलायचं नाही. क्लाउझेविट्सने दिवा मागवून दोन पत्रं दाखवली. त्यांतल्या एकात विट्गेनश्टाइनची मोठी रशियन फौज कुठे आणि कधी पोचणार ते होतं. योर्कने त्याला एवढंच विचारलं: तू प्रशियन आहेस, हे पत्र खरं आहे असं तुला वाटतं का? क्लाउझेविट्सने पत्राच्या प्रामाणिकपणाची हमी दिली. योर्क थोडा वेळ गप्प राहिला, मग त्याने हात पुढे केला आणि सकाळी पोशेरूनच्या गिरणीवर भेटू असं सांगितलं. एका तरुण अधिकाऱ्याने उत्साहाने पाठिंबा दिला, तेव्हा तो म्हणाला की तुम्हा पोरांचं ठीक आहे, माझं म्हातारं डोकं मात्र धडावर डळमळतंय. तो तेव्हा ५३ वर्षांचा होता. समोरचा दिबिच २७ चा, आणि तोही जन्माने सायलीशियाचा, म्हणजे प्रशियाचाच. गिरणीवर रशियाच्या बाजूने जमलेले तिघेही, दिबिच, क्लाउझेविट्स आणि डोना, प्रशियाचे.

आता कराराचा मजकूर बघा, कारण योर्क तिथे कळतो. त्याने रशियाशी मैत्री केली नाही. फ्रान्सवर युद्ध पुकारलं नाही. त्याने फक्त लिहिलं की आपली कुमक मेमेल आणि टिल्झिटच्या मधल्या प्रशियन पट्ट्यात जाऊन तटस्थ थांबेल. राजाने करार नाकारला तर तिला राजा सांगेल तिथे जवळच्या वाटेने जाता येईल. आणि राजाने तिला पुन्हा फ्रेंचांकडे पाठवलं, तरी १ मार्च १८१३ पर्यंत ती रशियाविरुद्ध लढणार नाही. राजाचा प्रत्येक रस्ता मोकळा ठेवला होता. राजासाठी दोन महिन्यांचा वेळ विकत घेतला होता, आणि मोबदल्यात आपली मान दिली होती. ३ जानेवारीच्या पत्रात त्याने राजाला कळवलं की स्वातंत्र्य परत मिळवण्याची हीच वेळ आहे, निर्णय तुमचा. आणि तुम्ही मला दोषी ठरवलंत तर रणांगणावर जितक्या शांतपणे गोळीची वाट पाहतो तितक्याच शांतपणे वाळूच्या ढिगापाशीही पाहीन. वाळूचा ढीग म्हणजे लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिलेल्याला उभं करायची जागा. राजाची गुप्त संमती आधीच होती असं काही इतिहासकारांनी मांडलं आहे. हे पत्र वाचून मला तसं वाटत नाही. संमती खिशात असलेला माणूस असं लिहीत नाही.

राजाने करार नाकारला, योर्कला पदावरून दूर करून लष्करी न्यायालयापुढे उभं करण्याचा हुकूम काढला. तो हुकूम घेऊन निघालेल्या अधिकाऱ्याला रशियनांनी योर्कपर्यंत पोचूच दिलं नाही. वर्तमानपत्रांत मात्र बातमी आली. त्यावर योर्कने जाहीर केलं की प्रशियात जनरलला वर्तमानपत्रातून हुकूम मिळत नाहीत, आणि कामाला लागला. फेब्रुवारीत क्योनिग्सबर्गला पूर्व प्रशियाच्या प्रतिनिधींची सभा भरली, २० हजारांची नागरी सेना उभारायचं ठरलं. तिथे त्याला कोणाबरोबर काम करावं लागलं? झारचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या त्याच श्टाइनबरोबर. दोघांचं जमलं नाही, पण सेना उभी राहिली. २८ फेब्रुवारीला कालिशच्या तहाने प्रशिया रशियाच्या बाजूला गेली, चौकशीत योर्क निर्दोष ठरला आणि १७ मार्चला तो बर्लिनमध्ये शिरला तेव्हा रस्ते माणसांनी भरले होते.

इथे बहुतेक लेखक थांबतात. मला वाटतं योर्क सेनापती म्हणून किती मोठा होता ते पुढच्या वर्षभरात दिसतं. ब्ल्यूखरच्या सायलीशियन सैन्यातला पहिला कोअर त्याच्याकडे होता. २६ ऑगस्ट १८१३ ला कात्सबाखला धो धो पावसात बंदुकांची दारू भिजली आणि संगिनी-दस्त्यांवर लढाई झाली. ३ ऑक्टोबरला वार्टेनबुर्गला त्याने एल्बे ओलांडली. दलदल आणि बांधाआड बसलेल्या फ्रेंच जनरल बेरत्राँच्या फौजेला हुसकावताना सुमारे २ हजार माणसं पडली. लढाईनंतर लाइब रेजिमेंटची दुसरी पलटण पुढून गेली तेव्हा या कडवट म्हाताऱ्याने टोपी काढली आणि शेवटचा शिपाई जाईपर्यंत डोकं उघडं ठेवलं. १६ ऑक्टोबरला लाइपझिगजवळच्या म्योकर्नला मार्शल मार्मोंविरुद्ध त्याने २१ हजार माणसं घातली आणि सुमारे एक तृतीयांश गमावली. शेवटी राखून ठेवलेल्या घोडदळाने निकाल लावला. घोडदळ हाताशी असताना ते अखेरपर्यंत राखणं, तेही पायदळ डोळ्यांदेखत कापलं जात असताना, हे धैर्य वेगळंच असतं.

वरिष्ठांशी मात्र तो सुखाने कधी नांदला नाही. ब्ल्यूखरचा चीफ ऑफ स्टाफ असलेल्या ग्नायझेनाउच्या रात्रंदिवसाच्या कूचांनी माणसं मरतात म्हणून तो सतत भांडायचा, राजाकडे तक्रारी करायचा. ब्ल्यूखर म्हणायचा असं सांगतात की हा विषारी माणूस आहे, सारखा हुज्जत घालतो, पण एकदा भिडला की याच्यासारखा चावा कोणी घेत नाही. मार्च १८१४ मध्ये लाओंला त्याने रात्री अचानक हल्ला करून मार्मोंची फौज उधळली, आणि दुसऱ्या दिवशी, ब्ल्यूखर आजारी असताना, ग्नायझेनाउने पाठलाग थांबवला. योर्क इतका चिडला की गाडीत बसून सैन्य सोडून निघाला. आजारी ब्ल्यूखरने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून त्याला परत बोलावलं. या प्रसंगी योर्क चुकला असं मी मानतो. तौरोगेनला त्याने जबाबदारी उचलली होती. इथे रागाच्या भरात आपली माणसं टाकून निघाला. त्याच्यावर कितीही प्रेम असलं तरी या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

१८१४ मध्ये तो ‘ग्राफ योर्क फॉन वार्टेनबुर्ग’ झाला, सायलीशियातली क्लाइन-एल्सची जहागीर मिळाली. वॉटर्लूच्या मोहिमेत त्याला मागच्या राखीव फौजेवर ठेवलं, कारण तो ग्नायझेनाउपेक्षा ज्येष्ठ होता, आणि ब्ल्यूखरला काही झालं तर सूत्रं ग्नायझेनाउकडे जायला हवी होती. त्याने निवृत्ती घेतली. १८२१ मध्ये फील्ड मार्शल पद आलं आणि ४ ऑक्टोबर १८३० रोजी तो क्लाइन-एल्सला वारला.

त्याला मान का, याचं उत्तर आता देता येईल. नंतरच्या प्रत्येक जर्मन राजवटीला त्याच्यात आपल्या कामाचं काही सापडलं. राजेशाहीने देशभक्त पाहिला. पूर्व जर्मनीने तौरोगेनमध्ये जर्मन-रशियन मैत्रीची सुरुवात पाहिली. आजच्या जर्मन सैन्याच्या सर्वांत मोठ्या मानवंदनेत बेथोवेनचं जे कूचगीत वाजतं ते योर्कच्या नावानेच ओळखलं जातं.

आणि क्लाइन-एल्सच्या त्याच घरात १९०४ साली त्याचा खापरपणतू जन्मला, पेटर योर्क फॉन वार्टेनबुर्ग. हिटलरविरोधी क्रायझाउ गटाच्या केंद्रस्थानी तो होता आणि हिटलरला मारण्याच्या २० जुलै १९४४ च्या कटात सामील होता. वर्गात कोणीतरी नेहमी विचारायचं की दोघांपैकी कोणाचं धाडस मोठं? मी तुलना करायचं टाळायचो, पण एक फरक दाखवायचो. पणजोबाच्याही आधीच्या त्या योर्कला पत्र लिहून आपली मान ज्याच्या हाती द्यावी असा एक राजा होता, आणि तो राजा शेवटी त्याच्या बाजूने आला. पेटरला पत्र लिहायला कोणी नव्हतं. ८ ऑगस्ट १९४४ रोजी, खटला संपला त्याच दिवशी, बर्लिनच्या प्ल्योत्सेनझे तुरुंगात त्याला फाशी दिलं.